कर्करोगाचा माग काढणाऱ्या कमलताई

विद्यार्थी मित्रांनो, कर्करोग हा शब्द तुम्ही ऐकलाच असेल. मराठीत कर्क म्हणजे खेकडा. आता तुमच्या उर्दूतला शब्द आठवा. उर्दूत या रोगाला सरतान म्हणतात, आणि सरतान म्हणजेही खेकडाच. इंग्रजीत आपण ज्याला कॅन्सर म्हणतो, त्या लॅटिन शब्दाचा अर्थही तोच. असे का झाले असेल? प्राचीन ग्रीक वैद्यांनी रोग्याच्या अंगावरच्या गाठी पाहिल्या. गाठीभोवती फुगलेल्या शिरा त्यांना खेकड्याच्या नांग्यांसारख्या दिसल्या असे सांगतात. त्यांचा तो शब्द अरब हकिमांनी आपल्या भाषेत नेला. इब्न सिना यांच्या अल-कानून या प्रसिद्ध ग्रंथात सरतानविषयी लिहिलेले आहे. आपल्याकडच्या जुन्या वैद्यांनी मात्र अशा गाठीला अर्बुद म्हटले होते. कर्करोग हा शब्द मराठीत नंतर आला.

या रोगाचा माग काढण्यात जिचे सारे आयुष्य गेले, अशा एका पुणेकर मुलीची ही हकिकत आहे. तिचे नाव कमल समर्थ. पुढे सारे जग तिला डॉ. कमल रणदिवे म्हणून ओळखू लागले.

कमलताईंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवीत. आई शांताबाई. मुलगा असो वा मुलगी, आपल्या प्रत्येक मुलाने चांगले शिकले पाहिजे, असा वडिलांचा कटाक्ष होता. त्या काळी सगळ्याच घरांत असे नव्हते. मुलगी चार यत्ता शिकली की पुरे, असे मानणारी माणसे पुण्यातही पुष्कळ होती.

कमलताईंना हुजूरपागेत घातले. तुम्ही पुण्यात राहत असाल तर लक्ष्मी रस्त्यावरून जाताना ही मुलींची शाळा पाहिली असेल. नाव मोठे गमतीचे आहे. हुजूर हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे, आणि पागा म्हणजे घोडे बांधण्याची जागा. पेशव्यांच्या घोड्यांची पागा जिथे होती, तिथे १८८४ मध्ये मुलींची शाळा सुरू झाली. घोडे गेले, मुली आल्या, नाव मात्र तेच राहिले.

कमलताई अभ्यासात हुशार होत्या. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे, असे वडिलांच्या मनात होते. पण कमलताईंचे मन दुसरीकडे होते. त्यांना वनस्पती आणि प्राणी यांचा अभ्यास करायचा होता. वडिलांचा शब्द मोडणे त्या काळात सोपे नव्हते. तरीही त्यांनी आपला विषय सोडला नाही. फर्ग्युसन कॉलेजात वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र हे विषय घेऊन त्या बी.एस्सी. झाल्या, आणि विशेष प्रावीण्याने झाल्या. गंमत अशी की डॉक्टरीकडे पाठ फिरवलेली ही मुलगी पुढे सारा जन्म रुग्णालयाच्या आवारातच राबली.

१३ मे १९३९ रोजी त्यांचे लग्न झाले. पती ज. त्र्यं. रणदिवे गणिताचे अभ्यासक होते, डॉक्टर नव्हते. लग्नानंतर कमलताई मुंबईला गेल्या. इथे बहुतेक मुलींचे शिक्षण संपत असे. कमलताईंचे संपले नाही. पतीने त्यांना अभ्यासात साथ दिली, आणि १९४३ मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून त्या एम.एस्सी. झाल्या.

त्यांचा एम.एस्सी.चा विषय काय होता ठाऊक आहे? सीताफळ! उर्दूत तुम्ही त्याला शरीफा म्हणता. सीताफळ, रामफळ, बागेतला हिरवा चाफा, शाळेच्या कुंपणाशी सरळ उंच वाढणारा अशोक, हे सारे एकाच कुळातले. या कुळातील झाडांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या आणि त्यांतील गुणसूत्रांचा अभ्यास करायचा, असे ते काम होते.

पेशी आणि गुणसूत्रे म्हणजे काय, हे इथे समजून घेऊ. पुढे फार उपयोगी पडेल. प्रत्येक सजीवाचे शरीर लहान लहान पेशींचे बनलेले असते. उर्दूत पेशीला खलिया म्हणतात. साध्या डोळ्यांना ती दिसत नाही. त्यासाठी सूक्ष्मदर्शक, म्हणजे तुमची खुर्दबीन, लागते. पेशीच्या आत मध्यभागी केंद्रक असते. पेशीची वाटणी होऊन एकीच्या दोन होऊ लागल्या की केंद्रकात बारीक काड्यांसारखे तुकडे दिसू लागतात. तीच गुणसूत्रे. आईवडिलांकडून मुलाकडे जे जे येते, ते सारे या काड्यांवर जणू लिहिलेले असते. त्या लिखाणातल्या एकेका सूचनेला जनुक म्हणतात.

सीताफळाच्या पेशीत अशी १४ गुणसूत्रे असतात. ती मोजणे म्हणजे मोठ्या चिकाटीचे काम. मुळाचे कोवळे टोक किंवा उमलायच्या आधीची कळी घ्यायची, ती औषधात ठेवायची, तिला रंग द्यायचा, काचेवर अगदी पातळ पसरायची आणि तासन् तास पाहत बसायचे. शंभर पेशी पाहाव्यात तेव्हा एखाद्या पेशीत काड्या सुट्या सुट्या दिसतात. एकीवर दुसरी पडली की मोजणी चुकते. ही चूक किती सहज होते, याचा एक पुरावा सांगतो. कमलताई एम.एस्सी. झाल्या तेव्हा माणसाच्या पेशीत ४८ गुणसूत्रे असतात, असे जगभरच्या पुस्तकांत छापलेले होते. मोठमोठे विद्वान तेच शिकवीत होते. १९५६ मध्ये स्वीडनमधील ल्युंड या गावी काम करणाऱ्या च्यो आणि लेव्हान या दोघांनी दाखवून दिले की ती ४६ आहेत. म्हणजे सीताफळाची गुणसूत्रे कळली होती, पण माणसाला स्वतःची नीट मोजता आली नव्हती!

मुंबईत परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. खास कर्करोगासाठी बांधलेले असे मोठे रुग्णालय देशात तेव्हा नवलाचे होते. तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर हे लंडनला शिकून आलेले नामवंत रोगनिदानशास्त्रज्ञ होते. रोग्याच्या शरीरातील गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ती गाठ कसली आहे, हे सांगणे त्यांचे काम. पण नुसते निदान करून त्यांचे समाधान होत नसे. रोग का होतो, हे शोधणारी माणसे आपल्या देशात तयार झाली पाहिजेत, असे त्यांना वाटे. कमलताई त्यांच्या हाताखाली काम करू लागल्या.

इथे झाडे नव्हती. इथे होते उंदीर. तुम्ही म्हणाल, माणसाच्या रोगासाठी उंदीर कशाला? त्याचे कारण असे. दोन माणसे कधी सारखी नसतात. त्यांचे खाणे वेगळे, घर वेगळे, आईबाप वेगळे. एकाला रोग झाला आणि दुसऱ्याला झाला नाही, तर कारण कोणते ते कसे ओळखायचे? प्रयोगशाळेतील उंदरांचे तसे नसते. वीसवीस पिढ्या सख्ख्या बहीणभावांपासूनच वंश वाढवला की सारे उंदीर जवळजवळ एकसारखे होतात. काही वंशांतील माद्यांना स्तनाचा कर्करोग हमखास होतो, काही वंशांत तो क्वचितच होतो. १९३६ मध्ये अमेरिकेत बिट्नर यांनी एक साधा प्रयोग केला होता. रोग होणाऱ्या वंशाची पिल्ले जन्मताच उचलून त्यांनी निरोगी वंशाच्या आईजवळ दूध प्यायला ठेवली. त्या पिल्लांत मोठेपणी रोगाचे प्रमाण पुष्कळ कमी झाले. म्हणजे रोगाचे एक कारण आईच्या दुधातून येत होते. पुढे कळले की तो एक विषाणू आहे.

मग वंशाचा काही संबंध नाही का? आहे. शरीरातील संप्रेरकांचा? तोही आहे. कर्करोगाला एकच कारण नसते. वंश, संप्रेरके आणि विषाणू यांची सांगड कशी पडते, हे पाहावे लागते. कमलताईंनी उंदरांवर वर्षानुवर्षे प्रयोग करून या सांगडीचा अभ्यास केला. स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशी संबंध असतो, हे त्यांनी ज्या काळात मांडले, त्या काळात ते सर्वमान्य नव्हते. आज डॉक्टर रोग्याला पहिल्यांदा विचारतात ते हेच, की तुमच्या घरात आणखी कोणाला हा रोग झाला होता का.

१९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाने कमलताईंना पीएच.डी. दिली. आता खानोलकरांनी त्यांना अमेरिकेत जाऊन नवे तंत्र शिकून येण्यास सुचविले. शिष्यवृत्ती मिळाली आणि कमलताई बाल्टिमोर शहरातील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या.

गाय हे एक अजब गृहस्थ होते. शरीराबाहेर, काचेच्या नळीत पेशी जिवंत ठेवायच्या आणि वाढवायच्या, हा त्यांचा ध्यास. याला ऊतिसंवर्धन म्हणतात. शरीरात पेशीला ऊब, अन्न आणि प्राणवायू आपोआप मिळतो. नळीत ते सारे आपण द्यायचे. गाय यांनी त्यासाठी एक मोठे फिरते पिंप केले होते. त्यात नळ्या खोचलेल्या असत आणि पिंप रात्रंदिवस संथपणे फिरत राही, म्हणजे पेशी क्षणभर द्रवात बुडत आणि क्षणभर हवेत येत. अन्न म्हणून कोंबडीच्या रक्तातील द्रव आणि बाळाच्या नाळेतील रक्त वापरले जाई. एवढे करूनही माणसाच्या पेशी थोडे दिवस जगत आणि मरत. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या रुग्ण स्त्रीच्या गाठीतील पेशी मात्र मेल्या नाहीत. त्या वाढतच गेल्या. आजही जगभरच्या प्रयोगशाळांत त्या वाढत आहेत. हेन्रिएटा स्वतः त्याच वर्षी वारली. आपल्या पेशी घेतल्या आहेत, हे तिला किंवा तिच्या घरच्यांना कोणी सांगितले नव्हते, आणि हा अन्याय होता, असे आज सर्वजण मानतात.

कमलताई हे तंत्र शिकल्या आणि परत आल्या. अमेरिकेत राहिल्या असत्या तर चांगली यंत्रे, चांगला पगार, सारे हाताशी होते. मुंबईत काय होते? खानोलकरांनी उभारलेले भारतीय कर्करोग संशोधन केंद्र १९५२ मध्ये नुकते सुरू होत होते. कमलताईंनी तिथे ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. देशातील अशी ती पहिली प्रयोगशाळा मानली जाते.

मुंबईच्या पावसाळ्यात घरातल्या लोणच्यालासुद्धा बुरशी येते. मग ज्या नळीत पेशींसाठी पौष्टिक अन्न भरून ठेवले आहे, तिथे बुरशी आणि जंतू किती आनंदाने येत असतील, याची कल्पना करा! एक जंतू आत शिरला की काही दिवसांत सारी नळी गढूळ होते आणि महिनाभराची मेहनत फेकून द्यावी लागते. शिवाय पेशींचे तयार अन्न परदेशातून मागवायचे, तर त्या काळात परकीय चलनाची टंचाई. कमलताईंनी मग दुसरा मार्ग धरला. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्यांनी जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकलेल्या तरुण सहायकांना हाताशी घेतले आणि पेशींना लागणारे अन्न व इतर द्रव आपल्याच प्रयोगशाळेत बनवायला सुरुवात केली. वर्तमानपत्रात छापून येईल असे हे काम नव्हे. पण याच्यावाचून पुढचे काहीच झाले नसते.

काचेत पेशी वाढवून काय मिळते, असे तुम्ही विचाराल. त्यासाठी थोडा वेळ मुंबई सोडून आफ्रिकेत जाऊ या. कमलताईंच्या पिढीने जी हत्यारे हाती घेतली होती, ती एका रोगाच्या शोधात कशी कामी आली, हे तिथे चांगले दिसते.

पायाला जखम झाली की जांघेत एक दुखरी गाठ येते. घरातली म्हातारी माणसे म्हणतात, अवधाण आले. या गाठी म्हणजे शरीराच्या चौक्या. त्यांना लसीका ग्रंथी म्हणतात. तिथे रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी लसीका पेशी नावाचे शिपाई राहतात. जंतू आला की ते वाढतात, ग्रंथी सुजते, जंतू मरतो आणि सूज उतरते. या शिपायांत एक जात आहे बी पेशींची. जंतूविरुद्ध प्रतिपिंडे तयार करण्याची कामगिरी त्यांच्याकडे असते. बी हे नाव कोंबडीमुळे पडले! कोंबडीच्या शेपटीजवळ बर्सा नावाची एक लहानशी पिशवी असते. ती काढून टाकली तर कोंबडी प्रतिपिंडे बनवू शकत नाही, हे १९५६ मध्ये ध्यानात आले. बर्साचे पहिले अक्षर घेऊन त्या पेशींना बी म्हणू लागले. माणसाला अशी पिशवी नसते. आपल्या बी पेशी हाडांच्या मगजात तयार होतात.

कधी कधी हा शिपाईच बिघडतो. जंतू नसतानाही तो वाढत राहतो, थांबतच नाही. बी पेशींच्या अशा कर्करोगाला बी पेशींचा लिंफोमा म्हणतात. त्याचे काही प्रकार सावकाश वाढतात. काही मात्र अतिशय वेगाने वाढतात.

१९५७ मध्ये युगांडातील कंपाला शहरात डेनिस बर्किट नावाच्या शल्यवैद्याकडे एक लहान मुलगा आला. त्याच्या जबड्याच्या दोन्ही बाजूंना गाठी होत्या. थोड्याच दिवसांत बर्किट यांनी तशीच आणखी मुले पाहिली. ही गाठ इतकी वेगवान असते की दोन दिवसांच्या आत ती दुप्पट होऊ शकते. १९६१ मध्ये बर्किट एक जुनी मोटार घेऊन निघाले आणि सुमारे १०,००० मैल फिरले. वाटेतल्या रुग्णालयांत त्यांनी विचारणा केली, की अशी मुले तुमच्याकडे येतात का. उष्ण आणि पावसाच्या पट्ट्यातच हा रोग अधिक दिसतो, असे त्यांच्या ध्यानात आले.

लंडनमध्ये अँथनी एप्स्टाइन यांनी बर्किट यांचे व्याख्यान ऐकले आणि गाठीचे तुकडे विमानाने मागवायला सुरुवात केली. अडीच वर्षे हाती काही लागेना. डिसेंबर १९६३ मध्ये धुक्यामुळे विमान लंडनऐवजी मँचेस्टरला उतरले. तुकडा उशिरा पोहोचला, आणि बाटलीतील द्रव गढूळ झालेला. जंतू शिरले, फेकून द्या, असे कोणीही म्हणाले असते. एप्स्टाइन यांनी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. जंतू नव्हते, गाठीतून सुटलेल्या जिवंत पेशी तरंगत होत्या. त्या पेशी काचेत वाढवल्या, आणि १९६४ मध्ये त्यांत एक नवा विषाणू सापडला. माणसाच्या कर्करोगाशी जोडला गेलेला तो पहिला विषाणू. तो जगातील बहुतेक माणसांच्या शरीरात असतो, आणि त्यांना कर्करोग होत नाही. म्हणजे इथेही कारण एकच नव्हते.

दुसरे कारण गुणसूत्रांत निघाले. १९७२ मध्ये स्वीडनमध्ये मानोलोव्ह पतिपत्नींना या गाठीच्या पेशींत १४ क्रमांकाचे गुणसूत्र जरा लांब दिसले. १९७६ मध्ये कळले की तो जास्तीचा तुकडा ८ क्रमांकाच्या गुणसूत्राचा आहे. आठव्याचा तुकडा तुटून चौदाव्याला चिकटला होता. पण एवढ्याने काय बिघडले? उत्तर १९८२ मध्ये मिळाले. आठव्या गुणसूत्रावर मिक नावाचे जनुक असते. पेशीने वाढावे, अशी सूचना देणारे हे जनुक, पण एरवी ते जरुरीपुरतेच जागे होते. चौदाव्या गुणसूत्रावर प्रतिपिंडे बनवण्याच्या सूचना असतात, आणि बी पेशीत तो भाग सदैव चालू असतो. पुस्तक बांधणाऱ्याने एक पान भलत्याच धड्यात शिवावे, तसे हे झाले. जे पान वर्षातून एकदा वाचायचे, ते रोज वाचल्या जाणाऱ्या धड्यात आले. पेशीला अहोरात्र एकच हुकूम मिळू लागला, वाढ, वाढ.

रोगांची नावे आणि वर्ग ठरवण्याची रीतही यामुळे बदलली. पूर्वी पेशी मोठी की लहान, गोल की वाकडी, गाठीत ती कशी पसरली आहे, एवढे पाहून लिंफोमाचे प्रकार करीत. एका देशाची यादी दुसऱ्या देशाला पटत नसे. १९९४ मध्ये अनेक देशांच्या तज्ज्ञांनी मिळून एक यादी केली, आणि २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याच धर्तीवर आपली यादी काढली. आता पेशीच्या रूपाबरोबर तिची गुणसूत्रेही पाहू लागले. २००० मध्ये असे आढळले होते की मोठ्या बी पेशींचा जो लिंफोमा सर्वांत अधिक आढळतो, त्यात सूक्ष्मदर्शकाखाली सारख्याच दिसणाऱ्या गाठी आतून निरनिराळ्या असतात. एकीत जी जनुके जागी, ती दुसरीत झोपलेली. एकच औषध घेऊन एक रोगी बरा होतो आणि दुसरा होत नाही, त्याचे एक कारण हे. मिकबरोबर १८ क्रमांकाच्या गुणसूत्रावरचे आणखी एक जनुकही जागचे हलले असेल, तर रोग अधिक हट्टी होतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधारित यादीत अशा गाठींचा वेगळा वर्ग केला गेला. २०२२ मध्ये तर एकाच वर्षी दोन याद्या निघाल्या, कारण तज्ज्ञांचे एकमत झाले नाही! विद्वानही भांडतात, मित्रांनो. पण वर्ग नीट ठरला तर औषध नीट ठरते, म्हणून हे भांडण फुकटचे नाही. बर्किट यांनी पाहिलेला तो भयंकर वेगवान रोग औषधांना चांगला दबतो. वेळेवर व पुरे उपचार मिळालेली पुष्कळ मुले आज बरी होतात.

हे शोध कमलताईंनी लावले नाहीत, हे स्पष्ट सांगायला हवे. पण पाहा, या सगळ्या शोधांत काय काय लागले? काचेत वाढवलेल्या पेशी, रंग देऊन मोजलेली गुणसूत्रे, आणि वंश, विषाणू व शरीर यांची सांगड घालण्याची दृष्टी. या तिन्ही गोष्टी आपल्या देशातील विद्यार्थ्यांच्या हाती देण्याचे काम कमलताई परळच्या प्रयोगशाळेत करीत होत्या. रक्ताचा कर्करोग, स्तनाचा कर्करोग आणि अन्ननलिकेचा कर्करोग यांवर त्यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून संशोधन केले. कर्करोग कसा सुरू होतो, पेशींचे जीवन कसे चालते आणि शरीर आपले रक्षण कसे करते, या विषयांचे नवे विभाग त्यांनी उघडले. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी केंद्राच्या संचालकपदाचे कामही पाहिले.

आणखी एका रोगाने त्यांचे लक्ष वेधले होते. तो म्हणजे कुष्ठरोग, तुमच्या भाषेत जुजाम. या रोगाचा जंतू प्रयोगशाळेतील साध्या अन्नावर काही केल्या वाढत नाही. तो माणसाच्या मज्जातंतूंत घर करतो. मग काचेत मज्जातंतूंच्या पेशी वाढवून त्यांच्या संगतीत जंतू वाढतो का, हे पाहावे, असा विचार निघाला. १९५८ मध्ये बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरोग्याच्या शरीरातून मिळालेला एक जंतू वाढवून दाखवला. तो खुद्द कुष्ठरोगाचा जंतू नव्हता, त्याचा भाऊबंद होता, असे पुढे ठरले. पण त्याच्यापासून त्या केंद्रातील शास्त्रज्ञांनी कुष्ठरोगावर लस तयार केली. कर्करोगासाठी उभारलेली प्रयोगशाळा अशी दुसऱ्याच रोगाच्या उपयोगी पडली.

१९६४ मध्ये भारतीय वैद्यक परिषदेचे पहिले रौप्यमहोत्सवी संशोधन पारितोषिक कमलताईंना मिळाले. सुवर्णपदक आणि १५,००० रुपये असे ते होते. १९८२ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. त्यांचे दोनशेहून अधिक शोधनिबंध प्रसिद्ध झाले.

परदेशात शिकायला गेलेल्या विद्यार्थ्यांना त्या परत येण्याचा आग्रह करीत. परत आलेल्या मुलींच्या अडचणी त्यांना ठाऊक होत्या. प्रयोगाला घड्याळ नसते. रात्री आठ वाजता पेशींचे अन्न बदलायचे असेल तर बदलावेच लागते. पण घरी तान्हे मूल असेल तर त्याला कोणी सांभाळायचे? नवऱ्याची बदली झाली तर संशोधनाचे काय? शिकलेल्या कितीतरी मुली अशा कारणांनी घरी बसत. १९७३ मध्ये कमलताई आणि त्यांच्या बरोबरीच्या काही शास्त्रज्ञ स्त्रियांनी मिळून भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. पुढे नवी मुंबईत वाशी येथे संघटनेची वास्तू उभी राहिली. तिथे प्रयोगशाळेची भव्य यंत्रे नाहीत. नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी वसतिगृह आहे, वाचनालय आहे आणि लहान मुलांसाठी पाळणाघर आहे. पाळणाघराचा आणि विज्ञानाचा काय संबंध, असे ज्याला वाटेल, त्याने ते घरी आईला विचारावे.

निवृत्तीनंतर कमलताई स्वस्थ बसल्या नाहीत. अकोले तालुक्यात राजूर नावाचे गाव आहे. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, भंडारदरा धरणाकडे जाताना ते लागते. आजूबाजूच्या डोंगरांत महादेव कोळी आणि ठाकर लोकांच्या वाड्या आहेत. तिथे सत्यनिकेतन या संस्थेबरोबर १९८९ मध्ये त्यांनी आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी केली. ज्या बाईंनी जन्मभर पेशींना काय खायला द्यावे याचा विचार केला, त्या आता मुलांच्या ताटात काय पडते ते पाहत होत्या. गावातील बायकांना आरोग्याची माहिती देणे आणि त्यांना आपल्या गावाची काळजी घेण्यास शिकवणे, हेही काम त्यांनी सुरू केले. तेव्हा त्यांचे वय सत्तरीच्या पुढे होते.

११ एप्रिल २००१ रोजी कमलताईंचे निधन झाले. त्यानंतर वीस वर्षांनी, ८ नोव्हेंबर २०२१ रोजी, त्यांच्या १०४ व्या जन्मदिनी गूगलने आपल्या पहिल्या पानावर त्यांचे चित्र लावले. चित्रात त्यांच्यासमोर सूक्ष्मदर्शक आहे.